बाल-अत्याचार आणि प्रौढपणीचे जोडीदाराशी नाते

लहानपणी शारीरिक, लैंगिक वा मानसिक अत्याचार किंवा गंभीर हेळसांड सोसलेल्यांना मोठेपणी पती, पत्नी वा प्रेमाच्या माणसाशी जवळीक साधणे अनेकदा जड जाते. अत्याचार करणारा बहुधा घरचा किंवा ओळखीचा असतो. ज्याने जपायचे त्याचीच भीती वाटली, की प्रेम आणि धोका एकत्रच मनात रुजतात.

माणसांवर भरवसा ठेवावा की नाही, हे मूल आपल्याला सांभाळणाऱ्यांकडून शिकते, अशी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांची मांडणी. मानसशास्त्रज्ञ सिंडी हझान व फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये ती प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावली. कोणी ‘सोडून तर जाणार नाहीस ना?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो, कोणी नाते घट्ट होऊ लागले की मागे सरतो; काहींच्या बाबतीत दोन्ही आलटून पालटून घडते. आवाज चढला की छाती धडधडते, हवाहवासा स्पर्श होतानाही अंग आखडते. ‘नको’ म्हणायला जीभ रेटत नाही, कारण लहानपणी त्या शब्दाला किंमत नव्हती. जोडीदाराला हा थंडपणा किंवा संशय वाटतो. खरे कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते. घराण्याच्या अब्रूपायी लादलेले हे मौन मूळ जखमेइतकेच घातक ठरू शकते.

अमेरिकेत १९६७ ते १९७१ या काळात अत्याचार वा हेळसांड झाल्याची न्यायालयात नोंद असलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ कॅथी विडम यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. जोडीदाराला सोडून जाणे आणि घटस्फोट यांचे प्रमाण त्यांच्यात, स्त्रियांप्रमाणेच पुरुषांतही, अशी नोंद नसलेल्यांपेक्षा अधिक आढळले. पुरुषांचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांत झालेल्या भारत सरकारच्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. तरीही आपल्याकडे नवऱ्याच्या बालपणाची चौकशी क्वचितच होते.

हे निष्कर्ष समूहाचे आहेत, एकेका माणसाचे भविष्य नव्हेत. अत्याचार सोसलेला पुढे अत्याचारीच होतो, हा समज चुकीचा आणि क्रूर आहे. अनेकांचे संसार स्थिर असतात. विश्वासू जोडीदार, मित्र किंवा समुपदेशक यांच्या सहवासात भरवसा नव्याने घडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या आजारांच्या वर्गीकरणात गुंतागुंतीच्या आघातोत्तर तणाव विकाराच्या (बहुधा दीर्घ वा वारंवार झालेल्या आघातानंतर जडणाऱ्या मनोविकाराच्या) लक्षणांत नाती टिकवण्यातील अडचण स्पष्टपणे नमूद आहे. त्या आघातावरच लक्ष देणारे मानसोपचार उपयोगी पडतात. दोघांनी मिळून समुपदेशन घेता येते. मात्र सध्याच्या नात्यातच मारहाण होत असेल, तर आधी सुरक्षिततेची सोय पाहावी लागते. भारतात ‘टेली-मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मोफत मदत मिळते.