खडखड आली म्हणजे शॉकअपच गेले?

दहा-पंधरा वर्षांची गाडी स्पीडब्रेकरवरून जाताना पुढून ‘ठक’ वाजली की पुण्यात कुणीही सांगतं, ‘शॉकअप गेले, जोडी बदला.’ हे सरसकट खरं नाही. अनेकदा दोष लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुशचा, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरी गादीचा असतो, आणि शॉकअप बदलूनही आवाज तसाच राहतो. नाना पेठेत पार्ट आणायला जाण्याआधी तपासून घ्या.

शॉकअप गेला असेल तर बहुधा त्यावर तेलाचे ओघळ दिसतात, खड्ड्यानंतर गाडी झुलत राहते. बुशची लक्षणं वेगळी. ब्रेक मारताना एकच ठोका, गाडी एका बाजूला ओढली जाणं, अलाइनमेंट करूनही टायर एका कडेने झिजणं. रबर फाटलं की आर्म पुढेमागे सरकतो आणि चाकाचा कोन बदलतो, म्हणून हे होतं. नुसतं बघून मात्र भागत नाही. वरवरच्या भेगा जुन्या रबरावर असतातच. गाडी स्टँडवर पक्की टेकवून (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीच जाऊ नका) आर्म आणि फ्रेमच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून रेटा द्या. रबर थोडं दबणारच. पण आर्म मोकळा हलला, धातूला धातू लागला, तर बुश संपला.

बसवताना मेकॅनिकला आवर्जून सांगा: बुशचा बोल्ट शेवटी पक्का आवळायचा तो चाकांवर गाडीचं वजन असताना. चाकं लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो.