प्रवाळ मत्स्यालय : पाण्याची प्रत आणि प्रवाळांचे आरोग्य

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे काचेच्या टाकीतील खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ, मोजके मासे, शंख-खेकडे आणि जिवाणूंनी वसलेले सच्छिद्र खडक एकत्र ठेवून उष्णकटिबंधीय प्रवाळभित्तीचा एक लहानसा तुकडा घरात जोपासण्याची पद्धत होय. साध्या मत्स्यालयात मासा मुख्य असतो आणि बाकी सारे त्याच्या सोयीसाठी असते. येथे प्रवाळ मुख्य असतो. मासा पाण्यातील बिघाड काही दिवस सोसतो, पण प्रवाळाला जागा सोडता येत नाही आणि आपला सांगाडा त्याला त्याच पाण्यातून उभा करावा लागतो. त्यामुळे या टाकीत पाण्याची निगा आणि प्रवाळाची निगा ही दोन वेगळी कामे राहत नाहीत.

प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक पॉलिप म्हणजे तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे असलेली इवलीशी पिशवी असते, आणि अशा शेकडो-हजारो पॉलिपांची मिळून एक वसाहत बनते. भित्ती घडविणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म सहजीवी शैवले राहतात व प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेले अन्न यजमानाला देतात. त्याच्या ऊर्जेचा बराचसा भाग त्यांच्याकडूनच येतो. सराफाकडे मिळणारे लाल पोवळे हेही प्रवाळच, पण ते भूमध्य समुद्रात कमी उजेडाच्या जागी वाढते आणि त्याच्या शरीरात अशी शैवले नसतात. घरच्या टाकीत ठेवले जाणारे बहुतेक प्रवाळ मात्र उजेडावर जगतात.

घरगुती टाकीत प्रवाळ टिकविण्याचा इतिहास फार जुना नाही. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, नैसर्गिक समुद्रजल, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत. पुढे जर्मन भाषक पाळकांमध्ये पेटर विल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीचा वापर रूढ केला. जिवंत खडक, फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर, प्रखर दिवे आणि चुन्याची निवळी यांची सांगड घालणारी रीत बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली. बर्लिनचे डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीत वाढलेल्या अॅक्रोपोरा या फांद्या फुटणाऱ्या दगडी प्रवाळाचे तुकडे अनेक पाळकांच्या हाती गेले, आणि तोवर घरात अशक्य मानले जाणारे हे नाजूक प्रवाळ टाकीत नुसते जगत नाहीत तर वाढतातही, हे दिसून आले. आजच्या बहुतेक टाक्या याच पद्धतीच्या सुधारित आवृत्त्या आहेत.

पाण्याची तयारी गोड्या पाण्यापासून सुरू होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन, सिलिकेट, नायट्रेट आणि कधी जुन्या जोडण्यांतून उतरलेले तांबे असते. तांबे अत्यल्प प्रमाणातही अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक ठरते. मराठवाडा-विदर्भातील बोअरवेलच्या जड पाण्यात विरघळलेले क्षार इतके असतात की त्यात समुद्री मीठ मिसळल्यावर कोणत्याच आकड्याचा भरवसा राहत नाही. म्हणून आर.ओ. पडद्यातून आणि त्यानंतर आयन शोषणाऱ्या रेझिनमधून काढलेले, विरघळलेल्या क्षारांचे मापन शून्यावर आलेले पाणीच वापरावे. स्वयंपाकघरातल्या आर.ओ. यंत्राचे पाणी पिण्यासाठी चांगले असते, पण त्यात चवीसाठी क्षार राखलेले किंवा पुन्हा मिसळलेले असतात आणि पुढे रेझिनचा टप्पा नसतो, त्यामुळे ते येथे पुरेसे शुद्ध ठरत नाही. त्या शुद्ध पाण्यात मत्स्यालयासाठी बनविलेले समुद्री मीठ मिसळून लवणता दर हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, एवढी आणतात. खाण्याचे मीठ या कामाला मुळीच चालत नाही, कारण त्यात सोडियम क्लोराइडखेरीज समुद्रजलातले बाकीचे घटक जवळजवळ नसतात. कोकणच्या किनाऱ्यावरून थेट पाणी भरून आणण्याचा मोह होतो; परंतु नद्यांच्या मुखाशी पावसाळ्यात ते गढूळ आणि कमी खारट होते, आणि बंदरांलगत तेल व सांडपाण्याचा धोका वर्षभर असतो.

नव्या टाकीत प्रवाळ लगेच सोडता येत नाहीत. मलमूत्र व उरलेल्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइटात आणि नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करणारे जिवाणू खडकांवर वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन स्थिर राहिल्यावरच पुढचे पाऊल टाकावे. त्यानंतरही टाकी काही महिने कोवळीच असते, आणि घाईने आणलेले अॅक्रोपोरासारखे प्रवाळ याच काळात सर्वांत जास्त मरतात.

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटाचा असतो. तो रचण्यासाठी त्याला पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट लागते. कॅल्शियम दर लिटरला ३८० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम ठेवतात. मॅग्नेशियम कमी पडले तर कॅल्शियम कार्बोनेट आपोआप साक्याच्या रूपाने बाहेर पडू लागते. सर्वांत चंचल, आणि म्हणून सर्वांत आधी पाहण्याजोगा आकडा मात्र अल्कलिनिटीचा, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचविण्याच्या शक्तीचा आहे. तो जर्मन अंश (dKH) या एककात मोजतात. समुद्रात तो सुमारे ७ असतो आणि टाकीत ७ ते ११ चालतो. कोणता अंक निवडला यापेक्षा निवडलेला अंक रोज तोच राहतो की नाही, याला अधिक महत्त्व आहे. सतत ७.५ असलेल्या टाकीतले प्रवाळ सोमवारी ७ आणि गुरुवारी १० दाखविणाऱ्या टाकीतल्या प्रवाळांपेक्षा कितीतरी बरे असतात.

अल्कलिनिटीची चाचणी घरच्या घरी होते. छोट्या कुपीत टाकीचे मोजून पाणी घ्यायचे, त्यात द्रावणाचे थेंब एकेक करून सोडायचे, दर थेंबाला कुपी हलवायची आणि निळा रंग पालटून पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे. समजा, २०० लिटर पाण्याच्या टाकीत काहीही न घालता दोन दिवसांत आकडा ८.४ वरून ७.० वर आला, तर रोजची घट ०.७ अंश झाली. एवढी अल्कलिनिटी भरून काढायला सुमारे ४ ग्रॅम खायचा सोडा आणि सोबत सुमारे १ ग्रॅम कॅल्शियम लागते. याचाच अर्थ असा की त्या टाकीतले प्रवाळ रोज अडीच ग्रॅमच्या आसपास दगड घडवीत आहेत. ही घट आठवड्यागणिक हळूहळू वाढत गेली तर प्रवाळ वाढत आहेत. ती एकाएकी थांबली तर डोळ्यांना काही दिसण्याआधीच काहीतरी बिघडले आहे असे समजावे. कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा या साध्या वहीतील नोंदी अधिक खरे सांगतात.

ही तूट भरण्याचा जुना आणि आजही उत्तम उपाय म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळून काही तास स्थिर ठेवले की न विरघळलेला चुना तळाशी बसतो, वर स्वच्छ निवळी राहते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडाशी संयोग होऊन तिच्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो. साका आणि पापुद्रा दोन्ही न हलविता मधली निवळीच घ्यायची असते. संपृक्त निवळीच्या एका लिटरात सुमारे दीड ग्रॅमहून थोडा अधिक चुना असतो, त्यामुळे वरच्या उदाहरणातील टाकीला दिवसाला सुमारे सव्वा लिटर पुरते. बाष्पीभवनाने मीठ मागे राहते व केवळ पाणी उडते, म्हणून रोज गोडे पाणी घालावेच लागते. त्याच पाण्याची निवळी केली की दोन्ही गरजा एकदम भागतात. ती रात्री थेंबाथेंबाने सोडावी, कारण रात्री प्रकाशसंश्लेषण थांबून पाण्याचा सामू (पीएच) उतरतो आणि निवळी स्वतः तीव्र अल्कधर्मी असते. घाईत एकदम ओतल्यास सामू उसळतो, पाणी दुधासारखे पांढरे होते आणि टाकीतले प्राणी धोक्यात येतात. मोठ्या टाक्यांत कॅल्शियम क्लोराइड व सोड्याची दोन वेगळी द्रावणे स्वयंचलित पंपाने सोडतात. ती दोन कधीही एकमेकांत मिसळू नयेत, कारण मिसळताक्षणी त्यांचा खडू होतो.

सामू ७.८ ते ८.४ दरम्यान असावा. शहरातील बंद, वातानुकूलित खोलीत माणसांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठून तो घसरतो, आणि अशा वेळी औषध घालण्यापेक्षा खिडकी उघडणे अधिक उपयोगी पडते.

नायट्रेट व फॉस्फेट यांना पूर्वी निव्वळ घाण समजले जाई. आता नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ठेवण्याकडे कल आहे. जास्त झाल्यास केसांसारखे शैवल माजते व प्रवाळ तपकिरी पडतात. पण दोन्ही शून्यावर नेल्यास प्रवाळ फिके पडून उपाशी राहतात आणि तपकिरी, बुडबुडेयुक्त शेंबडासारखे दिसणारे डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव खडकांवर पसरतात. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला दहाव्या भागाएवढे पाणी बदलणे हा यावरचा सर्वांत निरुपद्रवी उपाय आहे.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. ते काही दिवस त्याहून बरेच वर राहिल्यास प्रवाळ आपल्यातील शैवले बाहेर टाकतात व पांढरे पडतात. यालाच विरंजन म्हणतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला तरी बाष्पीभवनाने पाणी चांगले थंड होते, पण मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत पंख्याचा उपयोग थोडाच होतो आणि चिलर लागतो. वीज जाणे हे त्याहून मोठे संकट असते. प्रवाह थांबला की प्राणवायू उतरतो, म्हणून निदान प्रवाहाचा पंप इन्व्हर्टरवर असावा.

भारतात एक गोष्ट कायद्याची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे समाविष्ट आहेत. मालवणच्या सागरी अभयारण्यातून किंवा विजयदुर्गसमोरच्या समुद्रातील आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरून प्रवाळ आणणे हा गुन्हा आहे. परदेशी दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात आणि त्यांना परवान्याची कागदपत्रे लागतात. ती न दाखविणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नये.

निरोगी प्रवाळाचे पॉलिप फुललेले असतात, कडा नव्या वाढीने फिकट दिसतात आणि मांस सांगाड्याला घट्ट चिकटलेले असते. नव्या प्रवाळाला आधी औषधी द्रावणात बुडवून, शक्य तर काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. अॅक्रोपोरा खाणारे चपटे कृमी त्याच्या रंगात इतके मिसळतात की खरचटलेल्या गोल डागांवरूनच ते कळतात. पॅलिथोआ व काही झोअँथिड प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचे अतितीव्र विष असते. त्यांना हातमोजे व चष्म्याशिवाय कापू नये आणि ते लागलेला खडक कधीही उकळू नये, कारण वाफेतून विषबाधा झाल्याच्या घटना घडल्या आहेत.

अॅक्रोपोराचे मांस बुंध्याकडून सोलत वर सरकू लागले तर पाण्याचे आकडे सुधारेपर्यंत थांबता येत नाही. सोलण्याच्या रेषेच्या बरेच वर, जिवंत भागात कातरीने फांदी तोडून पाण्यातही धरणाऱ्या सायनोॲक्रिलेट डिंकाने ती नव्या दगडावर चिकटवावी, आणि एखादा तुकडा ओळखीच्या पाळकाच्या टाकीत ठेवायला द्यावा. मूळ वसाहत गेली तरी त्या तुकड्यापासून तीच वसाहत पुन्हा उभी करता येते.