परसातलं टर्फ आणि खालची काळी माती

परभणीला मामांच्या बंगल्यामागे पन्नास बाय वीस फुटांचं परस आहे. एका कडेला मामीची कर्दळ आणि अळू, बाकी नुसती काळी माती. नातवंडं शहरातल्या टर्फवर तासाचे पैसे मोजून खेळतात म्हणून मामांनी मे महिन्यात घरीच टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, टाकून घेतलं. कंत्राटदाराने जमीन खरवडली, दोन बोटं ग्रिट, म्हणजे बारीक खडी, पसरली, वर हिरवा गालिचा अंथरला आणि तिसऱ्या दिवशी हिशेब घेऊन गेला. जूनमध्ये दोन दणदणीत पाऊस झाले नि मैदानाला पोट सुटलं. कर्दळीकडे खळगा, खळग्यात घोटाभर पाणी. टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल हे गोलंदाजालाही सांगता येईना.

"गवत हलकं निघालं," मामांनी निदान केलं. मला ते पटलं नाही. गवत ठीक होतं, खालची माती हलली होती.

मराठवाड्यातली काळी माती म्हणजे झिजलेला बेसाल्ट. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी, पातळ पापुद्र्यांची थप्पी. पाऊस पडला की पाणी दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि थप्पी फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की आक्रसते. मनगट जाईल एवढ्या भेगा शेतात पडतात त्या यामुळेच. बांधकामवाले या मातीला वचकून असतात, कारण ती भिंतीसुद्धा तडकवते. तिच्यापुढे प्लास्टिकच्या गालिच्याची काय कथा!

पण मग कर्दळीकडेच खळगा का? तिथे तर सगळ्यात जास्त पाणी. गंमत इथेच आहे. मामी रोज पाणी घालायची, त्यामुळे तिथली माती मे महिन्यातही फुगलेलीच होती. बाकीचं परस वाळून खाली बसलं होतं. कंत्राटदाराने लेव्हल धरली ती या अवस्थेत. पाऊस आल्यावर कोरडी माती फुगून वर आली, कर्दळीची बाजू होती तिथेच राहिली.

दिवाळीनंतर सगळं उखडून पुन्हा केलं. या वेळी दीड फूट काळी माती काढून टाकली. मुरूम एकदम न भरता थराथराने टाकला, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवला, रोलर पोचेना तिथे धुमसाने चोपला. मुरमाखाली जिओटेक्स्टाइल अंथरलं. हे जाड नमद्यासारखं कापड पाणी जाऊ देतं, पण चिखल वर चढू देत नाही. मुरमावर खडी, खडीवर ग्रिट. गवंड्याने पाण्याची नळी धरून वीस फुटांच्या रुंदीत अडीच इंच उतार काढला. खेळताना तो जाणवत नाही, पाण्याला मात्र पुरतो. या हजार चौरस फुटांवर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वानऊ हजार लिटर पाणी होतं, जवळपास एक टँकर. गालिच्याला पाठीमागून भोकं असतात खरी, पण त्यांतून उतरलेल्या पाण्याला पुढे वाट हवी. ती आता कडेच्या भोकं पाडलेल्या पाइपातून बोअरच्या शोषखड्ड्यात जाते.

हे प्लास्टिकचं गवत मुळात अमेरिकेचं. ह्यूस्टनला 1965 मध्ये ॲस्ट्रोडोम नावाचं छत असलेलं स्टेडियम उघडलं. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या झगमगाटात बेसबॉल खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदानं रंगवली, तर उजेडाविना खालचं खरं गवत मेलं. 1966 मध्ये तिथे नायलॉनचं गवत आलं आणि स्टेडियमवरून त्याचं नाव ॲस्ट्रोटर्फ पडलं. आपल्याला ते नाव कळलं ते हॉकीमुळे, आणि कडवटपणे. 1975 मध्ये क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकणारा भारत पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर सातवा आला.

आजची पाती बहुतेक पॉलिएथिलिनची. नायलॉनपेक्षा मऊ, अंगाला कमी घासतात. पण लांब पातं एकटं उभं राहू शकत नाही, म्हणून त्यांच्या बुडाशी सिलिका वाळू झाडणीने घोळवून भरतात. तिच्या वजनाने गालिचाही जागचा हलत नाही. अनेक ठिकाणी वाळूवर जुन्या टायरचा काळा भुगा घालतात. त्याने पाय कमी दणकतात, पण तो मोज्यांतून घरात आणि पावसाबरोबर नाल्यात जातो. युरोपीय संघाने असा भुगा विकायला ऑक्टोबर 2031 पासून बंदी घातली आहे. आम्ही निव्वळ वाळूवर भागवलं.

मैदान जमलं की नाही हे बघायला फिफाची एक सोपी चाचणी आहे: फुटबॉल दोन मीटरवरून सोडायचा, तो 60 सेंटिमीटर ते एक मीटर उसळला पाहिजे. मामांनी स्टुलावर चढून चारही कोपऱ्यांत चेंडू सोडला आणि मी भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या. जुन्या मैदानात खळग्याजवळ चेंडू थपकन बसायचा. आता चारही खुणा पाऊण मीटरच्या आसपास आल्या.

ऊन मात्र कुठल्याही मुरमाने सुटत नाही. खरं गवत पानांतून पाणी सोडून स्वतःला थंड ठेवतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढंच पाणी माठातून काढून उकळी आणायला लागते त्याच्या सात पटींहून जास्त. प्लास्टिकला घाम येत नाही. यूटामधल्या ब्रिघॅम यंग विद्यापीठाने 2002 मध्ये आपलं मैदान तपासलं, तेव्हा हवा 37 अंशांच्या आसपास असताना टर्फचा पृष्ठभाग 93 अंशांवर गेलेला आढळला. पाणी मारल्यावर तो 79 वरून 29 अंशांवर आला, पण पाच मिनिटांत पुन्हा 49 आणि वीस मिनिटांत 73. म्हणजे परभणीच्या मे महिन्यात दुपारी पाइप धरून उभं राहणं म्हणजे नुसती पाण्याची नासाडी.

त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मैदान पोरांना बंद. त्या वेळात मामी त्यावर जुनी साडी अंथरून कुरडया घालते. गच्चीपेक्षा लवकर वाळतात म्हणते.