बिल्ड-पडताळणी

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे पॅकेज आजच्या कंपायलरवर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन), आजच्या लायब्रऱ्या (इतरांनी लिहिलेला तयार कोड) घेऊन मूळ स्रोतापासून पुन्हा तयार होते का, हे पाहण्याचे काम. तयार न होणाऱ्या पॅकेजला डेबियन आणि फेडोरा या लिनक्स प्रकल्पांत ‘एफटीबीएफएस’ (फेल्स टू बिल्ड फ्रॉम सोर्स) म्हणतात. पुण्यातल्या रोजच्या बोलण्यात नुसते ‘बिल्ड फेल’.

कोडला कोणी हात न लावताही बिल्ड मोडतो, कारण भोवतालची साधने बदलतात. वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या सी फाइलमध्ये ‘एक्झिट’ हे फंक्शन वापरले आहे, पण त्याची ओळख करून देणारे ‘एसटीडीलिब’ हेडर जोडायचे राहून गेले आहे, असे समजा. कंपायलर इतकी वर्षे फक्त इशारा देऊन पुढे जात होता. २०२४ साली आलेल्या जीसीसी १४ या कंपायलरने तोच इशारा चूक ठरवला आणि अशी अनेक जुनी पॅकेजेस अडली. दुरुस्ती एका ओळीची. पण ती करायला कोणाचे तरी लक्ष जावे लागते. पायथन ३.१२मधून (२०२३) ‘डिस्टयुटिल्स’ हे पॅकेज बांधायचे जुने मोड्यूल काढल्यावरही असेच झाले.

स्वतःच्या लॅपटॉपवर झालेला बिल्ड पुरावा म्हणून धरत नाहीत. तिथे आधी कधीतरी बसवलेल्या लायब्रऱ्या नकळत कामी येतात. म्हणून डेबियनमध्ये ‘एसबिल्ड’, फेडोरात ‘मॉक’ वापरून दर वेळी कोरे, इंटरनेट नसलेले वातावरण उभारतात. पॅकेजसोबतच्या चाचण्याही तिथेच चालतात. घड्याळाचा फरक नेहमी पूर्ण तासांचाच असतो असे धरून लिहिलेली चाचणी यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) पास होते आणि साडेपाच तास पुढच्या भारतीय वेळेवर पडते. ही चूक पुण्यात बसलेल्या माणसालाच आधी दिसणार, म्हणून ती कळवणे मोलाचे.

लॉग, म्हणजे बिल्ड चालताना उमटलेली नोंद, वाचणे हे या कामातले खरे कौशल्य. शेवटच्या ओळीत बिल्ड चालवणारे ‘मेक’ फक्त थांबल्याचे सांगते. एकाच वेळी आठ-दहा फाइली कंपाइल होत असतील, तर पहिली ‘एरर’ शेकडो ओळी वर दडलेली असते. नवशिक्याने तिथपर्यंत चढत जायची सवय लावून घ्यावी.

डेबियन ३०,०००हून अधिक स्रोत-पॅकेजेस सांभाळते. बिल्ड न होणे तिथे गंभीर दोष मानतात आणि तो न सुटल्यास पॅकेज पुढच्या आवृत्तीतून वगळले जाऊ शकते. फेडोरा साधारणपणे नव्या आवृत्तीआधी सामूहिक पुनर्बिल्ड करते. या प्रकल्पाशी पुण्याचे नाते जुने आहे: फेडोराचे ‘फडकॉन’ संमेलन २०११ आणि २०१५ साली पुण्यात भरले. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळलेला लोहित देवनागरी फॉन्ट हेही एक पॅकेजच. फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवण्याच्या साधनाच्या साह्याने तो स्रोतापासून तयार होतो. ‘दऱ्या’मधला ऱ्य ‘दर्या’मधल्या र्यपासून वेगळा दिसावा म्हणून स्रोतात कितीही नेमकी दुरुस्ती केली, तरी फॉन्टचा बिल्ड झाल्याशिवाय ती मराठी वाचकाच्या पडद्यावर उमटत नाही.