पार्श्वभूमी : सार्वजनिक कोड यंत्रांचा कच्चा माल कसा झाला

कोड लिहिणाऱ्या एआय साधनांमुळे सॉफ्टवेअरचा धंदा बदलतो आहे हे आता कुणाला सांगायला नको. पण फ्रेशरची भरती, रिव्ह्यूचा वाढलेला भार आणि मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांवर आदळणारे निरर्थक बग-रिपोर्ट यांवरचे वाद सुटे सुटे मांडले जातात. त्यांच्या मुळाशी असलेला निर्णय, म्हणजे इतरांच्या सार्वजनिक कोडवर यंत्राला शिकवून ते साधन लोकांपुढे आणण्याचा, जून २०२१ मधला आहे आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी आजही होत नाही.

२९ जून २०२१ रोजी गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या संकेतस्थळावर, कोड सुचवणारा कोपायलट चाचणीसाठी उपलब्ध झाला. त्याच्यामागे कोडेक्स हे मॉडेल होते. पाठोपाठ जुलैत प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या मॉडेलच्या शिकवणीचा तपशील आहे. गिटहबवरच्या ५ कोटी ४० लाख सार्वजनिक रिपॉझिटऱ्यांतून (प्रकल्पांच्या कोडसाठ्यांतून) पायथन भाषेच्या १७९ जीबी फाइली घेतल्या आणि गाळून १५९ जीबी ठेवल्या. आपोआप तयार झालेल्या फाइली, फार लांब ओळी, अक्षरे-आकडे कमी असलेल्या फाइली बाजूला काढल्या. फाइल कोणत्या परवान्याखाली आहे, हा निकष या गाळणीत नमूद नाही.

यंत्राने प्रोग्रामरचे काम हलके करावे ही इच्छा जुनी आहे. १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा आली तेव्हा लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरलाही ‘स्वयंचलित प्रोग्रामिंग’ म्हणत. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश येथे भरलेल्या परिषदेने ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ केले, तेही प्रकल्प वेळेत आणि खर्चात पुरे होत नाहीत या काळजीतून. पुढे चौथ्या पिढीच्या भाषा आल्या, जपानचा पाचव्या पिढीचा प्रकल्प आला, एडिटरमध्ये शब्द पुरे करून देणारी सोय आली. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. नियम माणसाने लिहिले होते, त्यासाठी दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची गरज नव्हती. २०२१ मध्ये फरक पडला तो इथे. नवे साधन इतरांच्या लेखनाशिवाय उभेच राहू शकत नव्हते.

आणि ते लेखन बेवारस नव्हते. सार्वजनिक कोड म्हणजे हक्क सोडलेला कोड नव्हे. जीपीएल हा परवाना १९८९ मध्ये आला, त्याची दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये. त्याची अट अशी की कोड घ्या, बदला, विका. पण त्यावर आधारलेले काम पुढे देताना तेही याच अटींवर, मूळ कोडसकट द्या. एमआयटी आणि बीएसडी परवाने त्यापेक्षा कितीतरी सैल, तरीही मूळ लेखकाची स्वामित्वसूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, एवढे तेही मागतात. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या सर्वांत मोठ्या संकेतस्थळावरची उत्तरेही श्रेय देण्याच्या अटीवरच खुली होती. पैसे न घेता काम करणाऱ्या माणसाला मिळणारा मोबदला म्हणजे हे श्रेय, किंवा तुमच्याकडून परत येणारा कोड.

या अटी कायद्यात टिकतात का, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. त्याचा महत्त्वाचा निकाल लागला तो खेळण्यातल्या रेल्वेंमुळे. मॉडेल रेल्वे चालवण्यासाठी हौशी मंडळींनी लिहिलेले सॉफ्टवेअर एका व्यावसायिकाने श्रेय आणि सूचना काढून वापरले. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सांगितले की मुक्तस्रोत परवान्यातल्या अशा अटी स्वामित्वहक्काच्या कायद्याने लागू करता येतात. पैसा हातात पडत नाही म्हणून त्या अटींना किंमत नाही असे होत नाही. २०२१ चा निर्णय घेणाऱ्यांसमोर हा निकाल तेरा वर्षे होता.

कोपायलट आला तेव्हा गिटहबच्या तेव्हाच्या प्रमुखांची जाहीर भूमिका अशी होती की सार्वजनिक मजकुरावर यंत्राला शिकवणे ‘न्याय्य वापर’ (परवानगीशिवाय वापरण्याची कायद्यातली सूट) आहे आणि यंत्रातून निघणारे लेखन ते चालवणाऱ्याचे आहे. पहिला दावा तेव्हा कोडच्या बाबतीत कोणत्याही न्यायालयात तपासला गेलेला नव्हता. ज्यांच्या कोडवर साधन उभे राहिले त्यांना तेव्हा ना विचारले गेले, ना नकार देण्याची सोय दिली गेली. जून २०२२ मध्ये हेच साधन महिना १० डॉलरला विक्रीस आले. लोकप्रिय मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्यांना ते फुकट मिळाले खरे, पण ती सवलत होती, परवानगी नव्हे.

लेखन जसेच्या तसे बाहेर पडते का, यावर सुरुवातीचा वाद झाला. जुलै २०२१ च्या पहिल्याच दिवसांत एका प्रोग्रामरने कोपायलटकडून वर्गमूळाचा व्यस्त झटपट काढणारे एक प्रसिद्ध फंक्शन लिहवून घेतले. ते ‘क्वेक ३’ या खेळातले, २००५ मध्ये जीपीएलखाली खुले झालेले. यंत्राने ते मूळ टिप्पण्यांसकट उतरवले आणि वर भलत्याच परवान्याचा मजकूर डकवला. पुढच्या वर्षी टेक्सासमधल्या एका प्राध्यापकांनी स्वतःचा विरळ मॅट्रिक्सचा कोड कोपायलटच्या उत्तरात दाखवून दिला. कंपनीच्या स्वतःच्या पाहणीनुसार असे हुबेहूब तुकडे हजारात सुमारे एकदा येत होते. हे प्रमाण क्षुल्लक म्हणून सांगितले गेले. दिवसाला लाखो सूचना देणाऱ्या साधनासाठी ते क्षुल्लक नाही, आणि ज्याचा तुकडा आला त्याच्यासाठी तर मुळीच नाही. २०२२ मध्येच सार्वजनिक कोडशी जुळणाऱ्या सूचना रोखणारी गाळणी आली. सप्टेंबर २०२३ मध्ये गिटहबची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टने पैसे भरणाऱ्या ग्राहकांना हमी दिली की ही गाळणी चालू ठेवून साधन वापरले आणि स्वामित्वहक्काचा दावा झाला तर खर्च आम्ही उचलू. धोका आहे हे मान्य झाले होते. संरक्षण मात्र विकत घेणाऱ्याला मिळाले, लिहिणाऱ्याला नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये काही प्रोग्रामरांनी, नावे गुप्त ठेवून, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात दावा लावला. त्याच्याबद्दल दोन्ही बाजूंनी चुकीचे सांगितले जाते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. या दाव्यात थेट स्वामित्वहक्कभंगाचा आरोपच नव्हता. मुख्य आरोप दोन : स्वामित्वसूचना काढून टाकणे आणि परवान्याचा करार मोडणे. त्यामुळे ‘न्याय्य वापर’ या बचावाची कसोटी तिथे लागलीच नाही. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी सूचना काढल्याचा आरोप फेटाळला, कारण फिर्यादींना स्वतःच्या कोडची हुबेहूब नक्कल यंत्रातून निघाल्याचे दाखवता आले नव्हते. करारभंगाचा मुद्दा शिल्लक ठेवला आणि ‘हुबेहूब’ची अट बरोबर की नाही हा प्रश्न वरच्या न्यायालयात नेण्याची मुभा दिली. याला ‘न्यायालयाने एआयला परवानगी दिली’ म्हणणे साफ चूक आहे. हुबेहूबची अट मात्र लिहिणाऱ्यांना फार महागात पडणारी आहे. चलांची (व्हेरिएबलांची) नावे बदलली, एखादी ओळ वर-खाली झाली, की सूचना पुसून टाकल्याचा आरोपच उभा राहत नाही. आणि यंत्र नेमके हेच बदल सहज करते.

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. २०२२ मध्येच संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने फक्त सैल परवान्यांचा कोड निवडून ‘द स्टॅक’ हा संग्रह केला, आपला कोड त्यात आहे का हे शोधण्याची आणि काढून घेण्याची सोय दिली, आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिकवलेले स्टारकोडर हे मॉडेल खुले केले. श्रेयाचा प्रश्न त्यानेही पुरता सुटला नाही. पण परवाना पाहून कोड निवडता येतो, लेखकाला नकाराची सोय देता येते, एवढे तरी सिद्ध झाले.

दरम्यान साधने फार पुढे गेली. कोडेक्सची चाचणी १६४ छोट्या उदाहरणांची होती आणि पहिल्या फटक्यात त्यातली २८.८ टक्के सुटली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये खऱ्या प्रकल्पांतल्या २,२९४ तक्रारींची चाचणी आली. त्यात तेव्हाच्या सर्वांत चांगल्या मॉडेलला दोन टक्केही जमल्या नाहीत. दीड-दोन वर्षांत याच चाचणीच्या निवडक आवृत्तीत निम्म्याहून अधिक तक्रारी सुटू लागल्या. आता एजंट, म्हणजे स्वतःहून पायऱ्या पार पाडणारे एआय साधन, रिपॉझिटरी उघडतो, टेस्ट चालवतो, पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) टाकतो. ज्या तक्रारी आणि दुरुस्त्यांवर ही चाचणी उभी आहे, त्याही मुक्तस्रोत प्रकल्पांतल्या.

परतफेड काय झाली ते पाहा. प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने डिसेंबर २०२२ मध्ये यंत्राकडून लिहवलेल्या उत्तरांवर बंदी घातली, कारण ती वाचायला बरोबर वाटत आणि बऱ्याचदा चुकीची निघत. मे २०२४ मध्ये त्याच संकेतस्थळाने एका एआय कंपनीशी करार केला. निषेध म्हणून स्वतःची उत्तरे पुसणाऱ्या काही सदस्यांची खाती तात्पुरती गोठवली गेली. नव्या प्रश्नांचा ओघ तोवर आटत चालला होता. जानेवारी २०२६ मध्ये ‘कर्ल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या स्वीडिश देखभालकर्त्याने बग शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजना बंद केली. यंत्राने रचलेले खोटे रिपोर्ट तपासण्यातच माणसांचा वेळ जात होता. त्याच प्रकल्पाला २०२५ मध्ये एका जाणकाराने एआय साधने वापरून डझनावारी खरे दोष शोधून दिले होते, हेही नोंदवले पाहिजे. साधन जाणत्या हातात उपयोगी आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

किती उपयोगी, हे मात्र ठरलेले नाही. कोपायलटच्या कंपनीशी संबंधित संशोधकांच्या प्रयोगात ९५ प्रोग्रामरांना एक छोटा सर्व्हर लिहायला दिला, तेव्हा साधन वापरणाऱ्यांनी तो सुमारे ५५ टक्के लवकर संपवला. २०२५ मध्ये एका स्वतंत्र गटाने १६ अनुभवी प्रोग्रामरांना स्वतःच्याच जुन्या प्रकल्पांवर २४६ कामे दिली. साधन वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम झाल्यावरही त्यांना वाटत होते की आपण २० टक्के वेगाने उरकले. कोऱ्या पानावर वेग मिळतो, जुन्या मोठ्या कोडमध्ये तो तपासण्यात निघून जातो, असे या दोन प्रयोगांवरून दिसते. साधने त्यानंतर सुधारली आहेत.

पुण्याला याची झळ वेगळ्या वाटेने लागते. हिंजवडीतल्या सेवा कंपन्या वायटूकेच्या (सन २००० च्या तारखांच्या दुरुस्तीच्या) काळापासून तासांच्या हिशेबावर वाढल्या. खाली फ्रेशरांचा रुंद पाया, वर थोडे अनुभवी, आणि क्लायंटला लावलेले बिल माणसामागे. फ्रेशरला पहिली दोन वर्षे मिळणारी कामे, म्हणजे टेस्ट लिहिणे, किरकोळ बग, जुना कोड नव्या आवृत्तीत नेणे, हीच आज साधनांना सर्वांत चांगली जमतात. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने सुमारे १२,००० लोक, म्हणजे मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणे आहे, असे कंपनीने सांगितले. कपातही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली होती. पुण्यातल्या कर्मचारी संघटनेने त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. तेव्हा सगळी कपात एआयच्या माथी मारणे चूक. पण पाया अरुंद होणार असेल तर पाच-सात वर्षांनी यंत्राचा कोड तपासू शकणारे अनुभवी लोक येणार कुठून, याचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

कायद्याच्या बाजूने भारत उशिरा जागा झाला. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीतच मोडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेने एका एआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि शिकवणीसाठी मजकूर वापरण्याचा प्रश्न इथे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या एका समितीने कार्यपत्र काढले. त्यात सक्तीच्या परवान्याची शिफारस आहे : कायदेशीरपणे मिळालेला मजकूर कंपन्यांना शिकवणीसाठी वापरता येईल, लेखकाला नकार देता येणार नाही, आणि स्वामित्वशुल्क एका मध्यवर्ती संस्थेमार्फत वाटले जाईल. समितीतल्या उद्योगांच्या प्रतिनिधीने असहमती नोंदवली, पैसे द्यावे लागतील म्हणून. मुक्तस्रोत लेखकांची अडचण उलटी आहे. जीपीएलखाली कोड देणाऱ्याने पैसे मागितलेच नव्हते. त्याच्या कोडवर उभे राहिलेले काम त्याच अटींवर परत खुले व्हावे, एवढीच त्याची मागणी होती, आणि शुल्काच्या या रचनेत तिला जागा नाही.