कॅशलेस असूनही पैसे का भरावे लागतात?

"कॅशलेस म्हणालात, मग हे चाळीस हजार कसले?" डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्याच्या काउंटरवरून आम्हाला येणारे बहुतेक फोन याच प्रश्नाचे. आरोग्य विम्यात कॅशलेस म्हणजे विमा कंपनी तिचा वाटा थेट दवाखान्याला देते, एवढंच. तुमचा वाटा तुम्हीच भरायचा, आणि तो कसा मोजायचा हे पॉलिसी घेतली त्याच दिवशी ठरलेलं असतं.

सगळ्यात मोठा फटका खोलीच्या भाड्याचा. अनेक पॉलिसींत दिवसाचं भाडं विमा रकमेच्या १ टक्काच मंजूर असतं. ३ लाखांची पॉलिसी, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही घेतली ५,००० ची खोली. वरचे दोन हजार आपण देऊ, असं वाटतं. पण ३,००० म्हणजे ५,००० चे ६० टक्के, म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंगही ६० टक्केच मंजूर होतं. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयू यांना मात्र ही कात्री नाही.

चार दिवसांचं बिल धरा. खोली २०,०००, डॉक्टर-ऑपरेशन ५०,०००, औषधं २०,०००, तपासण्या १०,०००, हातमोजे-मास्क वगैरे ५,०००. एकूण १,०५,०००. खोलीचे १२,००० आणि ऑपरेशनचे ३०,००० मंजूर, औषधं-तपासण्या पूर्ण, हातमोजे बहुतेक पॉलिसींत बादच. झाले ७२,०००. पॉलिसीत १० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला तुम्ही भरायचा ठरलेला हिस्सा, असेल तर त्यातले आणखी ७,२०० तुमच्याकडे. कंपनी देणार ६४,८००, तुम्ही ४०,२००. बाकी खर्च तोच ठेवून ३,००० ची खोली घेतली असती तर १४,२०० मध्ये भागलं असतं.

एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. दवाखाना खोलीप्रमाणे फी बदलत नसेल, तर डॉक्टरांच्या फीवर ही प्रमाणातली कपात लावता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. खानापूर-निपाणीकडच्या लहान नर्सिंग होममध्ये दाखल झालात तर हे विचारा, आणि तसं असेल तर लेखी घ्या.

को-पे आपल्याकडे दोन वाटांनी येतो. आई-वडिलांचं वय जास्त असताना पॉलिसी घेतली तर काही योजनांत तो सक्तीचा असतो. दुसरा शहराचा. काही कंपन्या बेळगावच्या पत्त्यावर हप्ता कमी घेतात, पण पुण्या-मुंबईला उपचार घेतले की ठराविक टक्के तुमच्या माथी. तुमचं जाणं-येणं तिकडे असेल तर स्वस्त हप्त्यावर भुलू नका.

टॉप-अप म्हणजे जुन्या पॉलिसीच्या वर घेतलेला जादा विमा. त्यात वजावट असते. ३ लाखांची वजावट म्हणजे पहिले ३ लाख तुमचे किंवा तुमच्या जुन्या पॉलिसीचे. साध्या टॉप-अपमध्ये ती प्रत्येक वेळी मोजतात, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या खर्चावर एकदाच. आम्ही सुपरच सुचवतो.

सरकारी आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्येही हीच विभागणी आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचे, असाल तर पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दराच्या, ३० टक्के सरकार देतं, वर्षाला दीड लाखापर्यंत. बाकी ७० टक्के तुमचे. तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते.

पॉलिसी इंग्रजीत, दवाखान्याची पाटी कन्नडमध्ये, आणि प्रश्न आपले मराठीत. म्हणून ठरलेलं ऑपरेशन असेल तर खोली बुक करण्याआधी पॉलिसीची सगळी पानं आणि दवाखान्याचा खर्चाचा अंदाज घेऊन कार्यालयात या. वरच्यासारखा हिशेब कागदावर मांडून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.