ॲनिलीनवर्गीय नव्या रंजकासाठी आंतरराष्ट्रीय पेटंट अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

ॲनिलीनपासून, म्हणजे बेन्झिनच्या वलयावर नायट्रोजनयुक्त अमिनो गट असलेल्या संयुगापासून, किंवा त्याच्या कुळातल्या एखाद्या अमीनपासून नवा रंजक तयार झाला, तो धाग्यावर चांगला चढला आणि धुण्यातही टिकला, की त्यावरचा हक्क कसा राखायचा हा प्रश्न लगेच उभा राहतो. एकाच अर्जाच्या आधारे अनेक देशांत पेटंट मागण्याची सोय पेटंट सहकार्य कराराने, म्हणजे पीसीटीने, केली आहे. हा करार १९७० मध्ये झाला, १९७८ पासून त्याखाली अर्ज घेतले जाऊ लागले, आणि त्याचा कारभार जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटना पाहते. या करारातून ‘जागतिक पेटंट’ मिळते असा समज अनेकांचा असतो, तो चुकीचा आहे. मिळतो तो एक सामाईक अर्ज, त्यावरचा शोध अहवाल (तसे काही आधीच ज्ञात आहे का, याच्या तपासाचा) आणि विचार करायला पुरेसा अवधी. पेटंट द्यायचे की नाकारायचे, हे शेवटी प्रत्येक देशाचे कार्यालयच ठरवते.

पेटंटविषयक पुष्कळ नियमांना आज जो आकार आहे, त्यामागे ॲनिलीन रंजकांवरून झालेले वाद आहेत. म्हणून अर्जातला एखादा रकाना अनावश्यक वाटला, तर तो कोणत्या नुकसानीतून आला हे पाहणे उपयोगाचे ठरते. पुढील माहिती त्याच पद्धतीने दिली आहे.

अर्ज कोणाला करता येतो

करारातील कोणत्याही सदस्य देशाचा नागरिक किंवा रहिवासी असलेली व्यक्ती अथवा संस्था अर्ज करू शकते. अर्जदार अनेक असल्यास त्यांपैकी एकाने ही अट पूर्ण केली तरी चालते. करारात वयाची अट नाही. सज्ञानतेचा प्रश्न ज्या त्या देशाच्या कायद्याने सुटतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री पर्किन याने १८५६ मध्ये मॉव्ह या जांभळ्या रंजकाचे पेटंट मागितले तेव्हा तो १८ वर्षांचा होता, आणि इतक्या लहान वयाच्या माणसाला पेटंट मिळू शकते का, याबद्दल त्याला कायदेतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागला होता.

शोधक आणि अर्जदार एकच असले पाहिजेत असे नाही. प्रयोगशाळा चालवणारी संस्था अर्जदार असू शकते, परंतु शोधकाचे नाव विनंतीपत्रात स्वतंत्रपणे द्यावे लागते. रेणूची रचना किंवा तो बनवण्याची रीत ज्याने सुचवली तो शोधक होय. सांगितल्याप्रमाणे नमुने रंगवून देणारा सहकारी केवळ त्या कामामुळे शोधक ठरत नाही. हा निर्णय अर्ज करण्याआधीच लेखी करून ठेवावा, कारण रंजक बाजारात चालू लागल्यावर त्यावर एकमत होणे फार अवघड जाते. काही देशांत परदेशी अर्ज करण्यापूर्वी आपल्या शासनाची परवानगी घेणे बंधनकारक असते, तेही आधीच तपासावे.

दिनांकाचे महत्त्व

अर्ज आपल्या देशाच्या पेटंट कार्यालयात किंवा थेट जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय ब्यूरोकडे, ऑनलाइनही, दाखल करता येतो. दाखल दिनांक मिळण्यासाठी फार थोड्या गोष्टी लागतात : अर्जदार पात्र असावा, भाषा त्या कार्यालयाने स्वीकारलेली असावी, हा आंतरराष्ट्रीय अर्ज आहे असे त्यावर नमूद असावे, अर्जदाराचे नाव असावे, आणि वर्णन व किमान एक दावा (कशावर हक्क हवा ते सांगणारे विधान) वाटावा असा मजकूर जोडलेला असावा. शुल्क त्यानंतर महिनाभरात भरता येते. शुल्काची जुळवाजुळव होईपर्यंत अर्ज रोखून धरणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. कृत्रिम ॲलिझरीन या लाल रंजकाच्या बाबतीत कारो, ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांचा ब्रिटिश अर्ज २५ जून १८६९ रोजी दाखल झाला आणि पर्किनचा २६ जून रोजी. एका दिवसाच्या या अंतरामुळे दोन्ही बाजूंना पुढे आपसांत समझोता करावा लागला.

आधी एखाद्या देशात अर्ज केला असेल, तर त्या दिनांकापासून १२ महिन्यांच्या आत पीसीटी अर्ज करून पहिल्या दिनांकाचे प्राधान्य मागता येते. ही तरतूद १८८३ च्या पॅरिस कराराची आहे. पर्किनच्या वेळी ती नव्हती. इंग्लंडमध्ये पेटंट हाती असूनही फ्रान्समधला त्याचा अर्ज उशिरा झाल्याने टिकला नाही, आणि तिथले कारखानदार मॉव्ह मोकळेपणाने बनवू लागले. मुदत चुकल्यास पुढील दोन महिन्यांत प्राधान्य पूर्ववत करण्याची विनंती करता येते, पण ती सर्व देश मान्य करत नाहीत. प्राधान्याचा आधार असलेल्या मूळ अर्जाची प्रमाणित प्रत प्राधान्य दिनांकापासून १६ महिन्यांच्या आत पोहोचली पाहिजे.

दाखल दिनांकापूर्वी रंजक कोणासमोर उघड झाला, तर बऱ्याच देशांत त्याचे नावीन्य संपते. परिषदेतील भित्तिपत्रक, विक्रीसाठी पाठवलेली पुडी, रंगवलेल्या कापडाचा तुकडा यांपैकी काहीही घातक ठरू शकते. पर्किनने पेटंट घेण्याआधीच रेशमाचा रंगवलेला नमुना पर्थ येथील पुलर यांच्या रंगशाळेकडे मत मागण्यासाठी पाठवला होता. आज असा नमुना पाठवायचाच असेल, तर गोपनीयतेचा करार सही होऊन हाती आल्यावरच पाठवावा.

वर्णन : अर्जाचा खरा आधार

अर्जाचे मुख्य भाग पाच : विनंतीपत्र, वर्णन, दावे, गोषवारा आणि आवश्यक तेथे आकृत्या. यांतील वर्णनावर सर्वाधिक वेळ खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. त्या विषयातील जाणकाराने केवळ वर्णन वाचून रंजक बनवून दाखवला पाहिजे, हा त्याचा निकष आहे.

१८६० च्या मेडलॉक पेटंटमध्ये ॲनिलीन आणि आर्सेनिक आम्ल यांपासून मॅजेंटा हा किरमिजी रंजक बनवण्याची रीत होती. मिश्रण काही काळ तसेच ठेवावे, किंवा तापवून क्रियेला वेग द्यावा, अशी तिची मांडणी होती. प्रत्यक्षात तापवल्याशिवाय रंजक तयारच होत नाही. ‘किंवा’ या शब्दाने जोडलेल्या दोन पर्यायांपैकी एक निरुपयोगी निघाला, आणि १८६६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सिम्प्सन विरुद्ध हॉलिडे या खटल्यात ते पेटंट अवैध ठरवले. म्हणून जो पर्याय स्वतः करून पाहिलेला नाही, तो करून पाहिल्यासारखा लिहू नये.

दुसरी चूक कच्च्या मालाची. मॉव्ह आणि मॅजेंटा हे दोन्ही रंजक शुद्ध ॲनिलीनपासून मिळत नाहीत. त्या काळच्या व्यापारी ॲनिलीनमध्ये टोल्युइडीन हे त्याच कुळातले अमीन मिसळलेले असे, आणि रंजकाच्या रेणूत त्याचाही वाटा असे. वर्णनात नुसते ‘ॲनिलीन’ लिहून भागत नाही. शुद्धता किती, सोबत कोणते अमीन आणि किती प्रमाणात, हे आकड्यांत द्यावे.

उदाहरण कसे लिहावे, हे परिचयाच्या एका ॲझो रंजकावरून (ज्याच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा दुवा असतो) पाहता येईल. ॲनिलीन ९.३ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवले. आम्ल सुमारे ०.३ मोल. द्रावण बर्फात ठेवून ० ते ५ अंश सेल्सिअसवर आणले आणि ढवळत ६.९ ग्रॅम सोडियम नायट्राइटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले. स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा झाला म्हणजे नायट्रस आम्ल किंचित जास्त झाले असे समजून थांबले आणि जादा आम्ल सल्फॅमिक आम्लाने नाहीसे केले. हे डायॲझोनियम द्रावण बीटा-नॅप्थॉलच्या अल्कधर्मी द्रावणात ओतताच नारिंगी-लाल साका बसला. आपल्या रंजकासाठी याच धर्तीवर, पण साक्याचे वजन, उतारा (अपेक्षित उत्पादनाच्या किती टक्के मिळाले), धुण्याची आणि वाळवण्याची रीत यांसह लिहावे. तापमानाचा आकडा गाळू नये, कारण हे डायॲझोनियम क्षार उबेत टिकत नाहीत आणि अर्ज वाचणाऱ्या जाणकाराचे लक्ष प्रथम तिथेच जाते.

रचनेच्या पुराव्यासाठी एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) आणि वस्तुमान वर्णपट जोडावेत. रंगछटेबाबत एक अडचण आहे : कराराच्या नियमांनुसार आकृत्या रंगीत असू शकत नाहीत. रंजकाच्या अर्जात रंग दाखवता येत नाही, तो आकड्यांनीच सांगावा लागतो. म्हणून कमाल शोषणाची तरंगलांबी, वापरलेला द्रावक, मोलर शोषणांक आणि रंगवलेल्या कापडाची सीआयईलॅब मूल्ये, म्हणजे रंग आकड्यांत मांडणारी प्रमाणित मूल्ये, द्यावीत. पक्केपणासाठी आयएसओ १०५ मालिकेतील चाचण्या रूढ आहेत. प्रकाशातला पक्केपणा १ ते ८ आणि धुण्यातला १ ते ५ या श्रेणीत सांगतात.

दावे

ॲनिलीनच्या वलयावरचा एक गट बदलला की नवा रंजक, अशी स्थिती असल्याने प्रत्येक संयुगासाठी वेगळा दावा करणे शक्य नसते. यावरचा आजचा रूढ उपाय याच क्षेत्रात प्रसिद्ध झाला. यूजीन मार्कुश यांना १९२४ मध्ये अमेरिकेत मिळालेल्या रंजकाच्या पेटंटात ‘ॲनिलीन, ॲनिलीनची समजातीय संयुगे आणि ॲनिलीनची हॅलोजनयुक्त संयुगे यांच्या गटातून निवडलेला’ अशा आशयाची शब्दरचना होती. तशा दाव्याला आजही मार्कुश दावा म्हणतात. गट मात्र एका सामाईक रचनेभोवती आणि सामाईक गुणाभोवती बांधलेला असावा, अन्यथा शोधाची एकात्मता नाही, म्हणजे एकाच अर्जात अनेक वेगळे शोध आहेत, असा आक्षेप येतो आणि जादा शुल्क मागितले जाते.

नावीन्य, जाणकारालाही सहज न सुचणारी कल्पकता आणि औद्योगिक उपयोग, या तीन कसोट्यांवर दावे तपासले जातात. ॲझो रंजकांना दुसरी कसोटी जड जाते, कारण डायॲझोटीकरण आणि जोडणी ही वरच्या उदाहरणातली रीत सर्वज्ञात आहे. बेन्झिडीनपासून बनणाऱ्या काँगो रेडच्या वादात हाच मुद्दा होता. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये पेटंट कायम ठेवले, ते रीत नवी होती म्हणून नव्हे, तर रंगबंधक न वापरता थेट सुतावर चढण्याचा अनपेक्षित गुण त्या रंजकात होता म्हणून. आपल्या अर्जात असा गुण असेल, तर जवळात जवळच्या ज्ञात रंजकाशी शेजारीशेजारी केलेली तुलना दाखल करतानाच द्यावी. नंतर दिलेले आकडे प्रत्येक कार्यालय विचारात घेईलच असे नाही.

उरलेली कागदपत्रे आणि पुढचा प्रवास

गोषवारा ५० ते १५० शब्दांचा असावा आणि त्यात शोधाची ओळख पटवणारे रासायनिक सूत्र द्यावे. वकिलामार्फत अर्ज असल्यास मुखत्यारपत्र आणि हक्क हस्तांतरित झाले असल्यास त्याचे पत्र तयार ठेवावे. ३० पानांपुढे प्रत्येक पानाला जादा शुल्क लागते. ठरावीक देशांतील व्यक्तिगत अर्जदारांना आंतरराष्ट्रीय शुल्कात ९० टक्के सवलत मिळते.

शोध अहवाल आणि लेखी मत आल्यावर दाव्यांत एकदा दुरुस्ती करता येते. त्यासाठी अहवाल पाठवल्यापासून दोन महिने किंवा प्राधान्य दिनांकापासून १६ महिने, यांपैकी जी मुदत नंतरची ती लागू होते. १८ महिने पूर्ण होताच अर्ज प्रसिद्ध होतो. त्यापूर्वी तो मागे घेतला तरच मजकूर गुप्त राहतो. साधारणपणे ३० महिन्यांच्या आत ज्या देशांत पेटंट हवे तिथे राष्ट्रीय टप्प्यात, म्हणजे त्या देशाच्या कार्यालयापुढच्या प्रक्रियेत, प्रवेश करावा लागतो. काही कार्यालये ३१ महिने देतात.

पेटंट मिळाले म्हणजे विक्रीची परवानगी मिळाली असे होत नाही. युरोपीय संघात, त्वचेशी संपर्क येणाऱ्या कापडात ॲझो रंजकातून २२ विशिष्ट ॲरोमॅटिक अमीनांपैकी एखादे किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक सुटत असेल, तर असे कापड विकता येत नाही. बेन्झिडीन आणि ऑर्थो-टोल्युइडीन त्या यादीत आहेत. रंजकाचा रेणू तुटल्यावर कोणते अमीन बाहेर पडेल, हे रचना ठरवतानाच पाहून घ्यावे.

राष्ट्रीय टप्प्यासाठी भाषांतर करून घेतल्यावर उदाहरणांतील प्रत्येक तापमान, प्रत्येक मोल-प्रमाण आणि दाव्यांतील प्रत्येक ‘आणि’ व ‘किंवा’ मूळ अर्जाशी ताडून पाहावेत, आणि ते काम ज्याने तो रंजक स्वतः बनवला आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे.